दुसरी किल्ली

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या घरी माळा साफ होतो. दरवर्षी त्याच त्या वस्तू खाली उतरतात, त्यांच्यावरची धूळ पुसली जाते, 'हे आता टाकून द्यायला हवे' असे घरातले कुणीतरी म्हणते, आणि संध्याकाळपर्यंत त्या पुन्हा वर चढून बसतात. या वस्तूंमध्ये बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात किल्ल्या आहेत. कुलपे नाहीत, नुसत्या किल्ल्या. कुठल्याशा ट्रंकेची, केव्हाच विकून टाकलेल्या सायकलीची, वडिलांच्या कचेरीतल्या टेबलाच्या खणाची. आणि आमचा जुना वाडा पाडला तेव्हा मी उचलून आणलेली, दिंडीदरवाजाची वीतभर लांब लोखंडी किल्ली. कुलूप मोडले तर माणूस ते भंगारात घालतो. किल्ली मात्र त्याच्याने टाकवत नाही. कधीकाळी आपल्याला कुठेतरी आत जाण्याचा हक्क होता, त्याची ती खूण असते म्हणून असेल. तुमच्याही घरी असा एखादा डबा असेलच.

आमच्या डब्यातल्या एका किल्लीपाशी मात्र माझा हात दरवर्षी थबकतो. पितळी, चपटी, लॅचची साधी किल्ली. फारशी न वापरल्यामुळे अजून चकचकीत आहे. ती माझ्या घराची कधीच नव्हती. मी ती करवून घेतली होती आणि आयुष्यात एकदाच वापरली. त्या एका वेळी तिने एका माणसाचा जीव वाचवला. तरीही ती चोरीची आहे, असे मला वाटते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, याचा हिशेब लावण्यात माझी बरीच वर्षे गेली. तो जसा लागला तसा वाचकांपुढे मांडावा, असे मनात आहे.

आमच्या समोरच्या बिऱ्हाडात नाना राहत. तारखात्यातून निवृत्त झालेले, पत्नी वारलेली, मुलगी नागपूरला दिलेली. चाळीस वर्षे तारा पाठवण्यात आणि घेण्यात गेलेल्या या माणसाला एकाच गोष्टीचा अभिमान होता. 'हजारो माणसांचे जन्म, मृत्यू आणि लग्ने माझ्या बोटांखालून गेली. पण घरी येताना त्यांतले एक अक्षर बरोबर आणले नाही,' असे ते म्हणत. तारेतला मजकूर खात्याच्या माणसाने बाहेर फोडणे हा १८८५ च्या तार कायद्याप्रमाणे गुन्हाच होता. पण नानांच्या बोलण्यात कायद्याचे नाव कधी येत नसे. 'जे आपल्या हातून जाते, ते आपले होत नाही,' एवढेच ते सांगत. २०१३ साली तारेची सेवा बंद झाली, त्या दिवशी ते दुपारी जेवले नव्हते.

एका वर्षी नाना पंधरा दिवस मुलीकडे गेले. जाताना त्यांनी घराची किल्ली माझ्या हातात ठेवली. 'तुळशीला पाणी घाला. आणि पाऊस आला तर मागची खिडकी तेवढी बघा.' मी ते काम इमानाने केले. परंतु रोज त्या रिकाम्या घरात शिरताना मनात यायचे, हा माणूस सत्तरी ओलांडलेला, एकटा. न्हाणीघरात पाय घसरला तर? रात्री छातीत कळ आली तर? दार कोण उघडणार? शेवटी चौदाव्या दिवशी मी मंडईजवळच्या कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याकडे गेलो. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलेसुद्धा नाही. तारेत ओवलेल्या कोऱ्या किल्ल्यांतून त्याने एक निवडली, दोन्ही किल्ल्या यंत्रात शेजारीशेजारी आवळल्या. जुनीच्या दातांवरून एक टोक फिरत गेले तसतसे नवीचे दात उमटत गेले. मग कानशीचे चार हात मारून त्याने दोन्ही माझ्या तळहातावर ठेवल्या. पाच मिनिटेही लागली नाहीत. नाना परत आल्यावर त्यांची किल्ली मी त्यांना दिली. दुसरी माझ्या कपाटात राहिली. सांगायचे राहून गेले, अशी मी माझी समजूत घातली होती.

दोन वर्षांनी ती वेळ आली. सकाळी दुधाची पिशवी नानांच्या दाराला तशीच लटकत होती. हाका मारल्या, बेल वाजवली, उत्तर नाही. नाना रात्री आतून कडी घालत नसत, नुसता लॅच ओढून घेत. मी घरात धावलो, कपाटातून किल्ली काढली आणि दार उघडले. नाना न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पडलेले होते. खुब्याचे हाड मोडले होते आणि रात्रभर त्या थंड फरशीवर पडून अंग गार झाले होते. आणखी काही तास गेले असते तर कठीण होते, असे डॉक्टर म्हणाले. सगळ्या इमारतीने माझे कौतुक केले. मलाही माझे कौतुक वाटले. ते लपवण्यात अर्थ नाही.

महिन्याभराने नाना काठी टेकत घरी आले. मी भेटायला गेलो. चहा झाला, त्यांनी माझे आभार मानले, आणि मग कपबशी खाली ठेवत विचारले, 'अहो, एक सांगाल? दार कसे उघडलेत?'

मी सांगितले.

'केव्हा केली होतीत?'

'तुम्ही नागपूरला गेला होतात तेव्हा.'

नाना बराच वेळ गप्प राहिले. ते रागावले असते तर बरे झाले असते. अखेर अगदी हळू आवाजात म्हणाले, 'म्हणजे दोन वर्षे मी समजत होतो, की लॅच ओढून घेतला म्हणजे मी घरात एकटा असतो.'

मी काहीच बोलू शकलो नाही. घरी येऊन मात्र पत्नीपुढे खूप बोललो. जीव वाचला हे काय थोडे झाले? मी त्या दोन वर्षांत एकदा तरी त्या घरात पाऊल टाकले का? माझ्या मनात काही वाईट होते का? पत्नीने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, 'मग सांगितले का नव्हते?'

या प्रश्नाचे उत्तर मला पुढे बऱ्याच वर्षांनी आणि फार दूरच्या गावी मिळाले. माझा भाचा जर्मनीत श्टुटगार्टला नोकरीला असतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही उभयता दोन महिने त्याच्याकडे राहिलो. त्याच्या घराला दोन किल्ल्या; एक तो नेई, एक आमच्याकडे असे. मला सकाळी फिरायला जायचे असे आणि पत्नीला दुपारी. तेव्हा तिसरी किल्ली करून घ्यावी, असे मला वाटले. जवळच्या दुकानात गेलो. दुकानदाराने किल्ली उलटसुलट करून पाहिली, तिच्यावर कोरलेला आकडा वाचला आणि मला हाताने एक लहान चौकोन करून दाखवला. पत्र कुठे आहे? मला कळेना. त्याने किल्ली अदबीने माझ्यासमोर ठेवली आणि मान हलवली. दाम दुप्पट देतो म्हटले असते तरी ती मान तशीच हलली असती.

संध्याकाळी भाच्याने उलगडा केला. तिथल्या पुष्कळ इमारतींत एकच किल्ली रस्त्याकडचे मोठे दार, तळघर, सायकलींची खोली आणि आपले बिऱ्हाड, एवढी सगळी कुलपे उघडते. शेजाऱ्याची किल्लीही मोठे दार आणि तळघर उघडते, पण आपले बिऱ्हाड उघडत नाही. साऱ्या इमारतीची कुलपे एका कुटुंबासारखी ठरवून बसवलेली असतात. अशा संचाबरोबर एक सुरक्षापत्र येते, आणि ते घरमालकाच्या किंवा इमारतीच्या व्यवस्थापकाच्या ताब्यात असते. ते पत्र दाखवल्याशिवाय नवी किल्ली मिळत नाही. भाडेकरू घरात शिरतो तेव्हा त्याला किती किल्ल्या दिल्या, ते कागदावर लिहितात. तो जातो तेव्हा तेवढ्याच मोजून घेतात.

'आणि एखादी हरवली तर?' मी विचारले.

भाचा हसला. तिथे याच्यावर थेट सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयापर्यंत खटला गेला होता. एका भाडेकरूने घर सोडताना दोनपैकी एकच किल्ली परत केली. दुसरी सापडेना. आता ती कुणाच्या हाती पडली असेल कोण जाणे, तेव्हा इमारतीची सगळी कुलपे बदलायला हवीत, म्हणून मालकाने सुमारे दीड हजार युरो मागितले. २०१४ च्या मार्च महिन्यात न्यायालयाने निर्णय दिला, की कुलपे खरोखर बदलली असतील तरच खर्च मागता येईल. बदललीच नाहीत, तर नुसत्या भीतीचे पैसे मिळणार नाहीत. निर्णय शहाणपणाचाच आहे. पण मला त्याहून अधिक नवल वाटले ते मालकाच्या तक्रारीचे. इमारत जशीच्या तशी उभी होती, एकही खिळा हललेला नव्हता, चोरी झालेली नव्हती. तरी काहीतरी गेले होते. काय गेले होते? मोजणी गेली होती. किल्ल्या किती आणि कुणाकुणाकडे, हे त्याला पूर्वी ठाऊक होते, आता ठाऊक नव्हते.

त्या रात्री मला नानांचे वाक्य आठवले.

या निर्बंध असलेल्या किल्ल्यांचे तंत्र समजून घेतले तर आणखी एक गंमत ध्यानात येते. दात कापण्याची क्रिया कुणी अडवू शकत नाही; ती मंडईजवळच्या आमच्या किल्लीवाल्यालाही येते. अडवतात ती कोरी किल्ली. पात्याच्या लांबीत कोरलेल्या खाचांच्या किंवा आतल्या एखाद्या युक्तीच्या घाटावर कारखानदार एकस्व, म्हणजे पेटंट, घेतो आणि तसली कोरी किल्ली फक्त करारबद्ध दुकानांनाच विकतो. एकस्वाची मुदत साधारण वीस वर्षे. ती संपली की दुसराही कुणी तशा कोऱ्या किल्ल्या काढू शकतो. म्हणून मुदत संपत आली की कारखानदार नवा घाट बाजारात आणतो. अमेरिकेत तर पुष्कळ किल्ल्यांवर 'नक्कल करू नये' एवढे शब्दच ठोकलेले असतात, आणि कोरी किल्ली मात्र कुठेही मिळणारी. कुलूपवाल्यांच्या तिथल्या व्यावसायिक संघटनेनेच म्हटले आहे, की असला छाप खोटा दिलासा देतो. टपालखात्याच्या कुलपांची गोष्ट निराळी. त्यांच्या किल्लीची बेकायदा नक्कल केली तर तिथल्या संघराज्याच्या कायद्यात दहा वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे.

बरे, पत्र, एकस्व, कायदा हे सगळे असूनही नक्कल थांबते का? २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान डिएगो येथील संशोधकांनी एका गच्चीवरून, १९५ फुटांवरच्या टेबलावर पडलेल्या किल्ल्यांचे दुर्बिणीतून छायाचित्र घेतले आणि संगणकाने दातांची मापे काढून दाखवली. किल्लीला हातही लावावा लागला नाही. अमेरिकेतल्या विमानतळांवर प्रवाशांच्या बॅगा तपासण्यासाठी अधिकाऱ्यांकडे ठरावीक किल्ल्या असतात. त्या किल्ल्यांचे छायाचित्र २०१४ साली एका मोठ्या वृत्तपत्रात छापून गेले, आणि २०१५ साली त्यावरून लोकांनी घरच्या घरी प्लास्टिकच्या किल्ल्या छापून काढल्या. खरे पाहता किल्ली म्हणजे धातूवर लिहिलेला एक लहानसा निरोप. ज्याला तो वाचता येतो, त्याला तो पुन्हा लिहिता येतो.

मग या नियमांचा उपयोग काय, असे कुणीही विचारील. मलाही ते वाटले होते. याचे उत्तर एका जुन्या चोरीत सापडते. १८५५ सालच्या मे महिन्यात लंडनहून फोकस्टनला जाणाऱ्या आगगाडीतून, पॅरिसला पाठवायचे सोने लांबवले गेले. सोने मजबूत लोखंडी तिजोऱ्यांत होते, तिजोरीला दोन कुलपे होती, आणि त्यांच्या किल्ल्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या होत्या. चोरांनी एकही कुलूप फोडले नाही. रेल्वेच्याच कचेरीतल्या विल्यम टेस्टर नावाच्या कारकुनाने किल्ली थोड्या वेळापुरती बाहेर आणून दिली. एडवर्ड एगरने तिचा मेणावर ठसा घेतला. फोकस्टनच्या कचेरीतले लोक बाहेर गेले असताना तिथल्या किल्लीचाही ठसा उतरला. गाडीचा गार्डही सामील होता. सोने काढून पेटाऱ्यांत तेवढ्याच वजनाच्या शिशाच्या गोळ्या भरल्या, आणि कुलपे पुन्हा लावून टाकली. कुलपे त्या काळातल्या उत्तम कारागिरांची होती. ती शेवटपर्यंत प्रामाणिक राहिली. माणसे राहिली नाहीत.

परक्या चोराला कुलूप पुरते. त्याच्यासाठी किल्लीचा नियम लागत नाही, कारण त्याच्या हाती किल्ली येतच नाही. नक्कल करण्याची संधी ज्याच्यावर आपण विश्वास टाकला त्यालाच मिळते. भाडेकरू, नोकर, कारकून, शेजारी, नातलग यांच्यापैकीच कुणालातरी. श्टुटगार्टच्या दुकानदाराने मला चोर समजून मान हलवली नव्हती. त्याने फक्त विचारले होते, ज्याचे घर आहे त्याला हे ठाऊक आहे का? आमच्या मंडईजवळच्या किल्लीवाल्याने हा प्रश्न विचारला असता, तर मी काय उत्तर दिले असते?

इथे कुणी म्हणेल, की म्हणून काय दुसरी किल्ली करूच नये? तसे मुळीच नाही. एकाच किल्लीवर जग चालवायला गेले म्हणजे काय होते, हे आपण पुरीला पाहिले आहे. जगन्नाथाच्या मंदिरातल्या रत्नभांडाराच्या आतल्या खोलीची किल्ली सापडत नाही, असे २०१८ सालच्या एप्रिलमध्ये उघडकीला आले आणि साऱ्या ओडिशात खळबळ उडाली. चौकशी आयोग नेमला गेला. जून महिन्यात जिल्हा कचेरीच्या दप्तरखान्यात एक लिफाफा मिळाला. त्यावर आत दुसऱ्या किल्ल्या असल्याचे लिहिलेले होते. पुढे २०२४ च्या जुलैमध्ये भांडार उघडायचे ठरले, आणि त्या किल्ल्यांनी कुलपे उघडलीच नाहीत! अखेर ती तोडावी लागली. पहिली किल्ली हरवली, दुसरी कुलपाला लागली नाही. लोकांना चुटपुट लागली ती कुलपे तुटल्याची नव्हती. इतक्या वर्षांत कुठली किल्ली कुणाच्या हातात होती, याचा धड हिशेब कुणालाच देता येईना, याची होती.

आता आपल्या बँकेतल्या लॉकरकडे पाहा. दिवाळीच्या आधी दागिने काढायला आपण जातो, तेव्हा बँकेचा माणूस आधी आपली किल्ली फिरवतो आणि मग आपण आपली. दोघांपैकी एकट्याला ते दार उघडता येत नाही. रिझर्व्ह बँकेने २०२१ साली बँकांना घालून दिलेल्या नियमांत बँकेच्या या मुख्य किल्लीच्या नकलेचाही विचार होता. ती नक्कल असावी, पण त्याच शाखेत असू नये. दुसऱ्या शाखेत ठेवावी. रिकाम्या लॉकरच्या किल्ल्या मोहोरबंद लिफाफ्यात असाव्यात. ज्याच्या ताब्यात किल्ल्या नाहीत, अशा अधिकाऱ्याने मध्येच येऊन त्या मोजून पाहाव्यात. ग्राहकाची किल्ली हरवली, तर ती पुढे सापडल्यास बँकेच्या स्वाधीन करीन असे त्याने लिहून द्यावे. या नियमांत दुसऱ्या किल्लीला बंदी कुठेच नाही. ती कुठे आहे हे ज्याला कळायला हवे त्याला कळावे, एवढाच आग्रह आहे.

म्हणजे दोष नकलेत नसतो, गुपचूपपणात असतो. आणि गुपचूपपणा इतका वाईट का, याचे कारण मला असे दिसते. आपण कुणाला किल्ली देतो तेव्हा त्याला आत जाण्याची मुभा देतो. पण आत कुणाला जाऊ द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार आपल्याकडेच ठेवतो. किल्लीबरोबर पहिली गोष्ट हातात पडते, दुसरी पडत नाही. जो न विचारता नक्कल करतो, तो ही दुसरी गोष्ट उचलतो. त्याने घरातली एक काडी हलवली नाही तरी घराच्या मालकीतला एक वाटा त्याने स्वतःकडे घेतलेला असतो. जेरुसलेमला ख्रिस्ताच्या समाधीवर जे चर्च आहे, त्याची किल्ली शतकानुशतके एका मुसलमान घराण्याकडे आहे, आणि त्या किल्लीने दार उघडण्याचा मान दुसऱ्या मुसलमान घराण्याकडे. आतल्या कशावरही त्यांचा दावा नाही. किल्ली सांभाळणे आणि घर आपले असणे यांतले अंतर ओळखले, म्हणून तर ती किल्ली इतके दिवस त्यांच्याकडे राहिली.

आपल्या घरांतही हे अंतर पूर्वीपासून ओळखले जाई. सासूच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सुनेच्या हाती यायला वर्षे लागत. यायचा तेव्हा तो सगळ्यांसमक्ष येई, आणि त्या दिवसापासून कोठीघराचा हिशेबही तिच्याकडे येई. त्या पद्धतीत जाच पुष्कळ होता, हे मी जाणतो. पण जुडगा दिला गेला की नाही, याबद्दल घरात कुणालाही शंका नसे. गुपितांचेही असेच आहे. 'कुणाला सांगू नकोस' म्हणून मैत्रीण काही सांगते. आपण ते अगदी भल्या हेतूने, तिच्या काळजीपोटी, आणखी एकीला सांगतो. मैत्रिणीची किल्ली तिच्याकडेच असते, आपली आपल्याकडे. तिसरी मात्र कुठे फिरते आहे हे तिला ठाऊक नसते. आणि मुलांच्या वह्या, पत्रे, आता मोबाइलचे परवलीचे शब्द? तिथे तर आम्ही आईबाप मोठे किल्लीवाले! काळजीची कानस हातात घेतली की कुठलेही दात कापायला आम्हाला परवानगी लागत नाही.

आता पत्नीने विचारलेल्या प्रश्नाकडे येतो. सांगितले का नव्हते? इतकी वर्षे मी म्हणत आलो की राहून गेले. ते खरे नाही. श्टुटगार्टच्या त्या रात्री मी प्रथमच स्वतःशी कबूल केले, की मी नानांना विचारले असते तर ते कदाचित 'नको' म्हणाले असते. स्वाभिमानी माणूस होता. 'पडलो तर पडेन; पण माझ्या दाराची किल्ली माझ्याकडेच राहू द्या,' असे म्हणाला असता. मला ते 'नको' ऐकायचे नव्हते, म्हणून मी विचारलेच नाही. त्यांच्या हिताचा निर्णय मी त्यांच्या वतीने घेऊन टाकला, आणि त्याला काळजी असे नाव दिले.

'पण जीव तर वाचला!' असे तुम्ही म्हणाल. वाचला, आणि त्याचा आनंद मला आजही आहे. त्या सकाळी किल्ली हातात असूनही दार न उघडणे हे तर पापच झाले असते. परंतु एका सकाळच्या उपयोगाने त्याआधीच्या दोन वर्षांचा हिशेब चुकता होत नाही. त्या दोन वर्षांत रोज रात्री एक माणूस आपले दार बंद आहे असे समजून झोपला, आणि ते त्याला वाटत होते तितके बंद नव्हते. मी विचारले असते, तर ते 'नको' म्हणाले असते. मी पुन्हा विचारले असते, मुलीला सांगून पाहिले असते, वाद घातला असता. त्यात महिना गेला असता, कदाचित वर्ष गेले असते. त्या अवधीत ते पडलेही असते. हा धोका खरा आहे, आणि तो नाही असे सांगणे खोटेपणाचे होईल. पण दुसऱ्याला माणूस म्हणून वागवायचे, तर त्याला नाही म्हणण्याची जागा ठेवावी लागते. आणि ती जागा फुकट मिळत नाही.

नानांनी पुढे काय केले, ते सांगायचे राहिले. त्या चहानंतर आठवड्याभराने त्यांच्याकडे सुतार आला आणि त्याने लॅच बदलला. दारातून ते ठोकण्याचे आवाज ऐकताना मला फार लागले. आता या घराशी आपला संबंध संपला, असे मी धरून चाललो. संध्याकाळी नाना काठी टेकत आमच्या दाराशी आले. आत या म्हटले तर आले नाहीत. खिशातून एक नवी कोरी किल्ली काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

'तीन आहेत,' ते म्हणाले. 'एक माझ्याकडे, एक मुलीकडे, एक ही. ही मी दिली आहे.'

मी जुनी किल्ली परत करू लागलो, तर त्यांनी ती घेतली नाही. 'ती आता कशालाच लागत नाही,' म्हणाले. 'राहू द्या तुमच्याकडे.'

नाना त्यानंतर सहा वर्षे होते. ती नवी किल्ली मी त्या सहा वर्षांत चार-पाच वेळा वापरली असेल, आणि दर वेळी त्यांच्या सांगण्यावरून. ते गेल्यावर त्यांची मुलगी घर आवरायला आली, तेव्हा मी ती तिच्या हाती दिली. तिने आपल्याजवळच्या दोन्हींशेजारी ती ठेवली आणि मोजले. तीन भरल्या.

जुनी मात्र डब्यात आहे. यंदाही माळा साफ करताना पत्नीने ती उचलून विचारले, 'ही टाकायची का?' मी म्हटले, 'नको, राहू दे.' लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे कपाटाच्या किल्ल्या पाटावर मांडतात. त्या मांडताना कुठली कुणी दिलेली आहे हे मी अलीकडे मनाशी एकदा म्हणून घेतो. मोजायला फार वेळ लागत नाही.